फाईल कुठे पोचली?

न्यूझीलंडमध्ये स्किल्ड मायग्रंट वर्गातून रेसिडेन्सी मागताना आधी स्वतःचे गुण मोजावे लागतात. आमच्या वेळी ते वयाचे, शिक्षणाचे, अनुभवाचे, नोकरीचे असत. बेरीज 160 झाली की अर्ज करायचं आमंत्रण यायचं. आमचं आलं तेव्हा कोल्हापुरात आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. तिला वाटलं, काम झालं. खरं तर आता कुठे फी भरून फाईल आत जायची होती, एवढंच. ती उघडून बघणारा केस ऑफिसर कधी मिळेल, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मी हॅमिल्टनला क्वांटिटी सर्व्हेअर आहे. इमारतीला सळई किती, काँक्रीट किती, खर्च किती याचे अंदाज काढून देतो. माझे अंदाज बहुधा चुकत नाहीत, म्हणून त्या काळात बायको चिडवायची, ‘आपलं एस्टिमेट कधी देताय?’

उशिराचं कारण तसं गूढ नव्हतं. किती लोकांना रेसिडेन्सी द्यायची याचा आकडा सरकार ठरवतं. जुलै 2018 ते डिसेंबर 2019 या दीड वर्षासाठी तो 50,000 ते 60,000 होता. गुणांची अट मात्र 160 वरच राहिली, आणि ती पुरी करणारे येतच राहिले. मग 2020 च्या सुरुवातीला एका रांगेच्या दोन रांगा झाल्या. ताशी 51 डॉलर, म्हणजे मध्यम वेतनाच्या दुप्पट, किंवा त्याहून जास्त कमावणारे पुढे. ज्यांच्या कामाला इथली नोंदणी सक्तीची आहे ते डॉक्टर, नर्स, शिक्षक, प्लंबर, इलेक्ट्रिशियन हेही पुढे. आम्ही उरलेले ‘नॉन-प्रायॉरिटी’. आमच्या साइटवरचा प्लंबर माझ्या मागून अर्ज करून माझ्या आधी रेसिडेंट झाला. त्याच्याबद्दल आकस नाही, या देशाला प्लंबर हवेच आहेत. पण फी घेतल्यानंतर रांगेचा नियम बदलणं मला आजही पटत नाही.

त्यात 19 मार्च 2020 ला सीमा बंद झाली. नागरिक आणि रेसिडेंट परत येऊ शकत होते. आमच्यासारखे वर्क व्हिसावाले बाहेर पडले की बाहेरच. त्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. इथून कोल्हापूर उन्हाळ्यात साडेसात तास मागे, हिवाळ्यात साडेसहा. डॉक्टर संध्याकाळी राउंडला येत तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असायची. भाऊ फोन खिशात चालू ठेवायचा आणि मी ऐकायचो. विमानाचं तिकीट परवडत होतं, पण परतीची खात्री नव्हती, आणि नोकरी गेली की व्हिसाही जाणार होता. हे आईला फोनवर समजावून सांगणं मला जमलं नाही. ‘तू नको येऊस, आम्ही आहोत,’ असं शेवटी बाबाच म्हणाले.

बाकीच्या अडचणी कागदावर किरकोळ दिसतात. ऑक्टोबर 2018 पासून तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला इथलं राहतं घर विकत घेता येत नाही. किवीसेव्हर, म्हणजे इथला पीएफ म्हणा, तोही मिळत नाही. सगळ्यात जास्त पोळले ते मोठ्या मुलांचे आईबाप. शाळेत मुलाला इथल्या मुलांसारखीच वागणूक असते, पण बारावीनंतर विद्यापीठात तो परदेशी विद्यार्थी ठरतो आणि फी कितीतरी पटींनी वाढते. आमच्या ओळखीतला एक मुलगा चांगले मार्क असूनही वर्षभर घरी बसला, फक्त वडिलांच्या फायलीकडे डोळे लावून.

अशा वेळी ‘धीर धरा’ हा सल्ला कुचकामी असतो. धीर धरणाऱ्याचेच कागद शिळे होतात, म्हणून पहिलं काम कागद सांभाळायचं. आमच्या वेळी रेसिडेन्सीचा अर्ज आत आहे म्हणून इथे राहायचा हक्क मिळत नव्हता. वर्क व्हिसा वेगळा जिवंत ठेवावा लागायचा. त्याचं नूतनीकरण मुदतीच्या आत टाकलं तर मधल्या काळासाठी इंटरिम व्हिसा मिळायचा. रेसिडेन्सीच्या अर्जावर तो मिळत नव्हता, आणि हे ठाऊक नसल्यामुळे लोक अडचणीत यायचे. भारताचा पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, सहा महिन्यांत जुना होतो, त्यामुळे अर्ज टाकताना तो ताजा लागतो. पासपोर्टची तारीख आपणच बघायची.

दुसरं, सल्ला कोणाचा घ्यायचा. मंडळाच्या गणपतीत भेटलेले काका प्रेमाने सांगतात, पण त्यांचा अनुभव वेगळ्या वर्षाचा आणि वेगळ्या नियमांचा असतो. इथे 2007 चा कायदा आहे. परवाना नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे (वकिलांसारखे थोडे अपवाद सोडून). परवानाधारकांची यादी सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. पैसे मोजायच्या आधी तिथे नाव शोधावं.

तिसरं आमच्या घरापुरतं. ‘सीओ (केस ऑफिसर) मिळाला का?’ विचारणारे व्हॉट्सॲप ग्रुप बायकोने माझ्या फोनवरून काढून टाकले आणि फायलीबद्दल फक्त रविवारी बोलायचं ठरवलं. एरवी मुलीच्या जेवणाच्या ताटावरही आमची तीच चर्चा चालायची. भाड्याच्या घराच्या परसात बायकोने कढीपत्ता लावला. घर आपलं होईल तेव्हा लावू, असं मी म्हणत होतो.

30 सप्टेंबर 2021 ला मंत्री क्रिस फाफोई यांनी एकदाच दिला जाणारा ‘2021 रेसिडेंट व्हिसा’ जाहीर केला. सुमारे 1,65,000 लोकांना तो मिळेल असा सरकारचा अंदाज होता. तीन वर्षं इथे राहिलेले, किंवा ताशी 27 डॉलर किंवा त्याहून जास्त कमावणारे, किंवा टंचाई असलेल्या कामातले असे बरेच जण त्यात बसले. रखडलेल्या फायलीवाल्यांसाठी 1 डिसेंबरलाच दार उघडलं. एक मोठी अट होती, बहुतेकांना 29 सप्टेंबरला न्यूझीलंडमध्ये असायला हवं होतं. सीमा बंद झाली तेव्हा भारतात अडकलेले काही जण याच अटीवर गळले. त्यांची नोकरी इथलीच होती, भाडंही ते काही काळ भरत राहिले होते.

आता 2023 पासून सहा गुणांची नवी पद्धत आहे. पुण्याहून आलेला भाचा तिच्यात बसतो. परवा त्याने विचारलं, ‘मामा, किती दिवस लागतील?’ मी म्हटलं, ते मला विचारू नकोस. तुझा वर्क व्हिसा कधी संपतो ते सांग, मग पुढचं बोलू.