आधी कर्नल, मग वर्ल्ड

माझ्या रूमवरच्या पीसीवर फ्रीबीएसडी आहे. नवी आवृत्ती मी सोर्सपासूनच बांधतो. आधी ‘मेक बिल्डवर्ल्ड’ (वर्ल्ड म्हणजे कर्नल सोडून बाकीची मूळ सिस्टिम), मग ‘मेक बिल्डकर्नल’. तेवढ्यात मेसचं जेवण आणि वर एक झोप खुशाल उरका! इथवर चालू सिस्टिमला धक्का लागत नाही.

खरी गोम पुढे. ‘इन्स्टॉलकर्नल’, रीबूट, मगच ‘इन्स्टॉलवर्ल्ड’. का? नवा कर्नल जुन्या प्रोग्रॅमांचे सिस्टिम कॉल ओळखतो. जुन्या कर्नलला नव्यांचे ठाऊक असतीलच असं नाही. क्रम उलटा केलात तर साधं ‘एलएस’सुद्धा अडू शकतं. मग सबमिशनच्या फायली कशा काढणार? आणि नवा कर्नल बूटच झाला नाही, तर जुना ‘कर्नल डॉट ओल्ड’ म्हणून शिल्लक असतो. बूट लोडरमधून तोच उचलायचा.