पिकअपच्या बॅटरीवर कॉम्प्युटर किती वेळ चालेल?

रात्री पिंपळवंडीत लाइट गेली, एडिटिंग अर्धवट राहिलं आणि दारात पिकअप उभी. तिच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडायचा का? आधी हिशोब करू.

माझा कॉम्प्युटर मॉनिटरसकट 150 वॅट घेतो. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून बॅटरीतून साधारण 175 वॅट धरा. भागिले 12 व्होल्ट, म्हणजे जवळपास 15 अँपिअर. 80 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पाच तास चालेल.

पण थांबा! ही बॅटरी स्टार्टर फिरवायला, काही सेकंद भरपूर करंट द्यायला बनवलेली असते. वारंवार पार उतरवली तर तिच्या प्लेटा लवकर खराब होतात. शिवाय पहाटे टोमॅटो घेऊन नारायणगाव मार्केटला निघायचंय, आणि गाडी नुसती 'टक्' करून गप्प बसली तर?

म्हणून मी तासाभरात काम सेव्ह करून बंद करतो. लायटरच्या सॉकेटला एवढा लोड देऊ नका, ते तापतं. जाड वायर, मध्ये फ्यूज आणि थेट बॅटरीला जोडणी, असं करा. रोजच गरज पडत असेल, तर घरात वेगळी ट्यूब्युलर बॅटरी घेतलेली बरी. पिकअपची बॅटरी पिकअपलाच राहू द्या!