रोबोटच्या हाताला गुण किती?

केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल कंपनीचा वर्सियस हा शस्त्रक्रियेचा रोबोट माणसावर पहिल्यांदा वापरला गेला तो २०१९ साली, पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात. त्या चाचणीत ३० रुग्ण होते. कुणाचं पित्ताशय काढलं, कुणाचं गर्भाशय. नवं यंत्र आधी आपल्या अंगावर वापरू देणाऱ्या या माणसांचं ऋण फार मोठं आहे.

वर्सियसची तुलना अर्थातच दा विंचीशी होते. कॅलिफोर्नियातल्या इंट्यूटिव्ह सर्जिकलच्या या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने २००० साली परवानगी दिली. झ्यूस नावाचा एक प्रतिस्पर्धी तेव्हा होता. २००१ मध्ये न्यूयॉर्कला बसलेल्या सर्जननी त्याच्याच मदतीने स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय काढलं होतं. पण २००३ मध्ये झ्यूसची कंपनी इंट्यूटिव्हमध्ये विलीन झाली आणि पुढची बरीच वर्षं दा विंचीला तोडीचा स्पर्धकच उरला नाही.

दा विंचीचे चारही हात एकाच गाड्यावर असतात आणि सर्जन बंद कन्सोलमध्ये डोकं घालून काम करतो. वर्सियस आणि मेडट्रॉनिकचा ह्यूगो यांचे हात सुट्या गाड्यांवर असतात, कन्सोल उघडा असतो. गुरुग्रामच्या एसएसआय मंत्राची घडणही अशीच. सर्जनला हा फरक मोठा वाटतो. रुग्णाचे प्रश्न वेगळे असतात: रक्त किती गेलं, घरी कधी सोडलं, लघवीवर ताबा आला का, गाठ पुन्हा उद्भवली का?

इथे आधी जुन्याच यंत्राचा हिशेब तपासायला हवा. ब्रिस्बेनमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ३२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: काहींची उघडी शस्त्रक्रिया, काहींची रोबोटची. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. रोबोटच्या गटात रक्त कमी गेलं, पण १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र उघड्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या गाठी १५०० हून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव होता, रोबोट चालवणाऱ्याकडे २०० च्या आसपास. मग फरक मोजला कुणाचा, यंत्राचा की हातांचा?

नव्या-जुन्या रोबोटांच्या तुलनेत हीच अडचण दुपटीने येते. ह्यूगो आणि दा विंचीवरच्या प्रोस्टेट शस्त्रक्रियांचे जे अभ्यास आले आहेत, त्यांपैकी बहुतेकांत रक्तस्राव, गुंतागुंत आणि कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी राहण्याचं प्रमाण जवळपास सारखं आढळलं. नव्या यंत्राचे हात जागेवर लावायला मात्र वेळ जास्त लागतो. पण यातले बरेच सर्जन दा विंचीवर हात बसलेले होते. कोरा सर्जन आणि कोरं यंत्र एकत्र आल्यावर काय होतं, हे त्यांवरून कळत नाही. शिवाय रुग्णांची संख्या लहान, पाठपुरावा थोड्या महिन्यांचा.

थोड्या महिन्यांवर विसंबणं किती धोक्याचं, ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दाखवून दिलं. दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेली शस्त्रक्रिया सर्वत्र रुळली होती, कारण जखम लहान आणि रुग्ण लवकर घरी. मग २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांची एलएसीसी चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी उघड्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, दुसऱ्या गटात ८६ टक्के. त्या गटात रोबोटच्या शस्त्रक्रिया थोड्याच होत्या, बहुतेक दुर्बिणीच्या. तरी धडा दोघांनाही लागू होता. पहिल्या आठवड्यात सुखरूप दिसणाऱ्या काही स्त्रियांचा आजार वर्षांनंतर परतला.

म्हणून नवा रोबोट घेणाऱ्या रुग्णालयाने उद्घाटनाच्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी, असं मला ठामपणे वाटतं. कोणता सर्जन, त्याची या यंत्रावरची कितवी शस्त्रक्रिया, मध्येच पोट उघडावं लागलं का, पाच वर्षांनी रुग्ण कसा आहे, हे सारं त्यात हवं. रोबोट स्वस्त झाले तर ते जिल्ह्याच्या गावीही पोचतील. तिथल्या रुग्णाला संमतीपत्रावर सही करण्याआधी हे आकडे पाहायला मिळायला हवेत, मराठीत.