पाणी ओळखा, डास कळेल

आमच्या गोंदिया जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. नवेगावबांध, इटियाडोह, गावोगावचे मालगुजारी तलाव, बोड्या आणि रोवणीच्या दिवसांत तुडुंब भरलेल्या धानाच्या बांध्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून फिरताना मी एक शिकलो. गावात शिरल्यावर आधी पाणी बघायचे, मग माणसे.

हिवतापाचा अॅनोफिलिस डास स्वच्छ पाण्यात वाढतो. सालेकसा, देवरीकडच्या जंगलात तो संथ झऱ्यांच्या काठाला सापडतो, तर इकडे बांधीत आणि साचलेल्या डबक्यांत. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सला मात्र घाण पाणी लागते. तुंबलेली नाली, शौचालयाची टाकी ही त्याची घरे. म्हणून एकच औषध सगळीकडे फवारून भागत नाही.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा रांजण, टाक्या रिकाम्या करून घासल्या की घरातली पैदास मोडते. संडासाच्या पाइपाला जाळी बांधली की क्युलेक्सची वाट बंद होते. नालीत, हौदात गप्पी मासे चालतात. तलावात ते सोडू नयेत. बाहेरून आलेला हा मासा तिथल्या माशांच्या जिवावर उठतो. आमच्या तालुक्यात ढिवर महिलांनी तलावांतली बेशरम नावाची वनस्पती उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासे परत आणले. डासांच्या अळ्या खाणारे मासे त्यांतही असतात. उन्हाळी धानाला पाणी सतत न कोंडता अधूनमधून बांधी सुकू दिली, तर अळ्या मरतात आणि पाणीही वाचते.

तरी ताप आलाच, तर आशाताईंकडे जा. बोटातल्या थेंबभर रक्तावर वीसेक मिनिटांत हिवताप कळतो. फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूत जाऊ शकतो, म्हणून दोन दिवस थांबून बघू, हे इथे चालत नाही.

हत्तीरोगाचे जंतू रक्तात उतरतात ते रात्री. त्यामुळे आम्ही आठनंतर रक्त घ्यायला दारोदार जायचो. एका आजीने विचारले होते, “दिवसा रगत आटते का गा बाबू?” हे जंतू वर्षानुवर्षे अंगात राहतात आणि पाय सुजेपर्यंत माणूस धडधाकट दिसतो. सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. रोज धुऊन, कोरडा ठेवून जपावा लागतो. म्हणूनच निरोगी दिसणाऱ्यांनाही हत्तीरोगाच्या गोळ्या देतात. देशाने हत्तीरोग हटवण्यासाठी 2027 हे वर्ष ठरवले आहे.

पण वाटलेल्या गोळ्या फडताळात पडून राहिल्या, तर ते वर्ष पुढे जाईल. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बायका आणि फार आजारी माणसे सोडून बाकी सगळ्यांनी जेवून, कर्मचाऱ्यासमोरच त्या गिळाव्यात. आपली नाली मात्र आपणच वाहती करायची आहे.