मेंदूतला कारभारी सावरताना

पक्षाघाताचा झटका येऊन गेला, रुग्ण पुन्हा चालू-बोलू लागला, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. शेजारीपाजारी 'थोडक्यात निभावले' असे म्हणतात. खरी कसोटी मात्र बहुधा त्यानंतर सुरू होते. एकाच वेळी चार गिऱ्हाइकांचे हिशेब तोंडी सांभाळणारा दुकानदार एकाशी बोलताना दुसऱ्याचे सामान विसरतो. फोडणी टाकून दाराशी गेलेली गृहिणी तिथेच बोलत राहते आणि भाजी करपते. वीजबिल भरायला निघालेला माणूस वाटेत भेटलेल्या मित्राबरोबर चहा घेऊन, बिल खिशात तसेच ठेवून परततो. मग घरात कुजबुज सुरू होते : 'आळशी झालेत', 'मुद्दाम करतात', 'आयते बसायची सवय लागली'. हात लुळा पडला तर त्याला कोणी आळस म्हणत नाही. इथेही बिघाड शरीराचाच असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

मेंदूच्या शास्त्रात या क्षमतांचे दोन गट मानले जातात. पहिला अवधानाचा. अवधान ही एकसंध शक्ती नाही. एखाद्या गोष्टीकडे वळणे, तिच्यावर टिकून राहणे, गोंगाटातून नेमके तेवढेच वेचणे, एका कामावरून दुसऱ्यावर जाऊन परत येणे आणि दोन कामे एकत्र सांभाळणे, असे त्याचे पाच प्रकार अमेरिकेतील सोहलबर्ग व मटीर या संशोधिकांनी १९८७ मध्ये मांडले. दुसरा गट कार्यकारी क्षमतांचा. हेतू ठरवणे, कामाची पायऱ्यांत फोड करणे, सुरुवात करणे, मोह आवरणे, चूक ध्यानात येताच मार्ग बदलणे, हे सारे त्यात येते. मोठ्या वाड्यात माणसे, धान्य, पैसा सर्व काही असावे, पण कारभारीच नसावा, तशी अवस्था या क्षमता हरपल्यावर होते. या कारभारात मेंदूच्या पुढच्या भागाचा वाटा मोठा असतो. तो भाग मेंदूतील दूरच्या केंद्रांशी असंख्य तंतूंनी जोडलेला असल्यामुळे इजा अन्यत्र झाली तरीही कारभार विस्कटू शकतो.

नेहमीच्या चाचण्यांत हे व्यंग अनेकदा निसटते. ब्रिटिश संशोधक टिम शॅलिस व पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये डोक्याला मार लागलेल्या तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्ध्यंकाच्या चाचण्या ते उत्तम सोडवत. मात्र बाजारपेठेत नेऊन काही किरकोळ खरेदी करा, थोडी माहिती मिळवा आणि ठरवून दिलेले नियम पाळा, असे सांगितल्यावर त्यांचा गोंधळ उडाला. तपासणीच्या शांत खोलीत पुढचे पाऊल तपासनीसच सांगत असतो; बाजारात ते स्वतःला ठरवावे लागते. म्हणूनच 'डॉक्टरांसमोर तर सगळे व्यवस्थित करतात' ही घरच्यांची तक्रार खरी असते आणि रुग्णही ढोंग करत नसतो.

या विषयात फिनिअस गेजचे नाव हटकून निघते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना, सुमारे साडेतीन फूट लांबीची लोखंडी पहार या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीबाहेर पडली. तो वाचला, पण लहरी आणि हट्टी झाला. योजना आखायचा आणि सोडून द्यायचा, असे डॉ. जॉन हार्लो यांनी नोंदवून ठेवले. ही कथा बहुधा इथेच संपवली जाते. पुढचा भाग अधिक बोलका आहे. १८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि तिथे काही वर्षे त्याने प्रवासी घोडागाडी हाकली. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, घोड्यांची रोजची निगा आणि उतारूंशी व्यवहार, असे ते काम होते. या आखीव दिनक्रमानेच त्याला बऱ्याच अंशी सावरले असावे, असे त्याच्या चरित्राचे अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांचे मत आहे. आतला कारभारी दुबळा झाला, तेव्हा बाहेरच्या शिस्तीने त्याचा भार उचलला. आजच्या पुनर्वसनाचे मर्म याहून फार निराळे नाही.

त्याला शास्त्रीय बैठक दिली ती मुख्यतः युद्धांनी. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उरल प्रदेशातील रुग्णालयात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार केले. मेंदूचे प्रत्येक कार्य अनेक केंद्रांच्या सहकार्यातून घडते. त्यामुळे एक वाट बंद झाली तरी दुसऱ्या वाटेने ते पुन्हा उभारता येते, ही त्यांची भूमिका. कामाच्या पायऱ्या आधी कागदावर, मग मोठ्याने उच्चारून, पुढे मनातल्या मनात, असा क्रम त्यातूनच सुचतो.

आज वापरल्या जाणाऱ्या उपचारांचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला सरावाचा. ठरावीक अक्षरे खोडणे, मिसळलेली कडधान्ये वेगळी करणे, रेडिओ चालू असताना हिशेब करणे, अशा कामांची अवघडता हळूहळू वाढवली जाते. त्याची मर्यादाही जाणून घ्यावी. पक्षाघातानंतरच्या अवधान-प्रशिक्षणावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा असे सांगतो की, काही अंगांत तात्पुरती सुधारणा दिसते. ती दीर्घकाळ टिकते किंवा दैनंदिन जीवनात उतरते याचा भक्कम पुरावा नाही. संगणकावरील खेळात गुण वाढले म्हणून माणूस बाजारहाट नीट करू लागेल, असे गृहीत धरता येत नाही. जे काम परत मिळवायचे, त्याच कामाचा सराव हवा.

दुसरा मार्ग युक्तीचा. आयर्लंडचे इयान रॉबर्टसन, कॅनडाचे ब्रायन लेव्हिन आदींनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्णाला मध्येच थांबून स्वतःला विचारायला शिकवतात : मी आत्ता काय करतो आहे? मला काय करायचे होते? त्याच्या पायऱ्या कोणत्या? झाले ते बरोबर झाले का? कार्यकारी क्षमतांसाठी अशा आत्मपरीक्षणाच्या प्रशिक्षणाची शिफारस तज्ज्ञांच्या आढाव्यांत केलेली आहे. यात मोठी अडचण असते ती रुग्णाला आपल्यातील उणीव न जाणवण्याची. वाद घालून ती पटत नाही. 'हे काम किती वेळात होईल?' असा अंदाज आधी लिहून घ्यावा आणि नंतर प्रत्यक्षाशी ताडून पाहू द्यावा. ती नोंदच अधिक शिकवते.

तिसरा मार्ग बाह्य आधाराचा. ब्रिटनमध्ये बार्बरा विल्सन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १४३ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ठरल्या वेळी पेजरवर आठवण मिळू लागल्यावर बहुसंख्य रुग्ण रोजची कामे अधिक नियमितपणे करू लागले. आज तेच काम मोबाइलचा गजर करतो. स्वयंपाकघरात कृतीच्या पायऱ्यांचा कागद, दाराशी किल्ली-चश्म्याची एकच जागा, एका वेळी एकच सूचना, बोलताना दूरचित्रवाणी बंद, सकाळच्या ताज्या वेळेत अवघड कामे आणि मध्ये विश्रांती, हे सगळे औषधाइतकेच मोलाचे. कारण मेंदूच्या इजेनंतरचा थकवा लवकर येतो आणि थकवा आला की अवधान प्रथम ढळते. नैराश्य, अपुरी झोप आणि काही औषधांची गुंगी यांनीही लक्ष विस्कळीत होते. म्हणून त्यांची तपासणी आधी करून घ्यावी.

काही बाबतींत सावधगिरीला पर्याय नाही. गॅसची शेगडी, दुचाकी आणि पैशांचे मोठे व्यवहार तज्ज्ञांनी पडताळून पाहिल्याशिवाय रुग्णावर सोपवू नयेत. तसेच सुधारणेची आशा तीन-सहा महिन्यांनंतर सोडून देऊ नये. आरंभीचा वेग ओसरतो, पण युक्त्या आणि सवयी यांच्या बळावर प्रगती नंतरही होत राहते.

आपल्याकडे मोठी उणीव आहे ती दखल घेण्याची. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत या क्षमतांची शास्त्रशुद्ध चाचणी व प्रशिक्षण होते, परंतु तालुक्याच्या गावी रुग्णाला भौतिकोपचारापलीकडे सहसा काही मिळत नाही. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सेवेतून कमी करू नये वा त्याची पदावनती करू नये, अशी तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये शासकीय आस्थापनांसाठी आहे. पण न दिसणारे अपंगत्व नोंदवून घेणे हीच पहिली अडचण ठरते. तेव्हा रुग्णालयातून घरी सोडतानाच 'लक्ष आणि नियोजन यांची तपासणी झाली का?' हा प्रश्न नातेवाइकांनी आवर्जून विचारावा. व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि चेतामानसशास्त्रज्ञ यांच्याकडे पाठवण्याची विनंती करावी. आणि घरात 'लक्ष कुठे आहे?' असे खेकसण्याऐवजी 'आता पुढची पायरी कोणती?' असे विचारावे. त्या प्रश्नाने माणसाचा मान राहतो आणि त्याच्या मेंदूला हवा असलेला आधारही मिळतो.