गाडीतल्या रेडिओची खरखर

आमचे अण्णा ऐंशीच्या घरातले. दृष्टी अधू झाल्यापासून वर्तमानपत्र सुटले आणि रेडिओ हेच त्यांचे वर्तमानपत्र झाले. काही वर्षांपूर्वी डोळ्यांच्या उपचारांसाठी त्यांना दर महिन्याला साताऱ्याहून पुण्याला न्यावे लागे. पहाटे निघायचे आणि वाटेत पुणे केंद्राच्या बातम्या ऐकायच्या, हा त्यांचा नेम. पण माझ्या जुन्या गाडीत बातम्यांपेक्षा खरखरच जास्त ऐकू येऊ लागली. दोन-तीन खेपांनंतर अण्णांनी स्वतःच रेडिओ बंद करायला लावला. "राहू दे," एवढेच म्हणाले. ते मला लागले.

मी सरळ रेडिओला दोष दिला आणि नवा सेट बसवून घेतला. पैसे गेले, खरखर राहिली. मग मात्र शोध घ्यायचे ठरवले.

ठिणगी आणि रेडिओ यांचे नाते जुने आहे. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात प्रयोगशाळेत रेडिओलहरी निर्माण केल्या, त्या विजेच्या ठिणगीतूनच. पेट्रोलच्या गाडीत प्रत्येक प्लगमध्ये तशीच ठिणगी पडत असते. म्हणजे बॉनेटखाली एक छोटे प्रक्षेपण केंद्रच चालू असते म्हणा ना! अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली 'मोटोरोला' नावाने गाडीचा रेडिओ आणला, तेव्हा त्यांनाही इंजिनाच्या या खरखरीशी झगडावे लागले होते.

पहिला धागा असा मिळाला, की साताऱ्याचे एफएम स्वच्छ लागत होते. त्रास होता तो फक्त मध्यम लहरींवर. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या जोरातल्या चढउतारातून येतो. ठिणगीमुळेही तसाच चढउतार होतो आणि रेडिओला दोन्हींतला फरक कळत नाही. एफएममध्ये आवाज वारंवारितेतल्या बदलातून येतो आणि जोरातले चढउतार सेट छाटून टाकतो.

मग विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या मैदानात गाडी उभी केली. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली, तरी बारीक शीळ चालूच. म्हणजे ती इंजिनाची नव्हती. एकेक वस्तू काढत गेलो. मोबाइलचा चार्जर उपसला आणि शीळ थांबली! तो मीच रस्त्यावरून स्वस्तात घेतला होता. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करण्यासाठी चार्जर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यातून निघणारा गोंगाट अडवणारे भाग स्वस्तातल्या चार्जरमध्ये बहुधा नसतातच.

आता इंजिन चालू केले. टक्-टक्-टक् असा आवाज आला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो जलद होई. एरिअलची वायर सेटमधून काढताच तो बंद झाला. म्हणजे हा गोंगाट बॅटरीच्या वायरीतून नव्हे, हवेतून एरिअलमार्गे येत होता. मग थोडे गणित केले. संथ चालीत इंजिन मिनिटाला सुमारे नऊशे फेरे घेते. दोन फेऱ्यांत प्रत्येक प्लग एकदा पेटतो. म्हणजे चार प्लगच्या मिळून सेकंदाला तीस ठिणग्या होतात, त्यांची टर्रर्र ऐकू आली असती. पण मला ऐकू येत होते सेकंदाला सात-आठ ठोके. एकाच प्लगचे!

रात्री अंधारात, हात लांब ठेवून, बॉनेट उघडून पाहिले. एका प्लगच्या वायरीला तडा गेला होता आणि तिथून इंजिनाच्या अंगावर निळी ठिणगी उडत होती. या वायरीत हजारो व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना तिला कधीही हात लावू नये. मिस्त्री म्हणाले, "बरं झालं साहेब, आत्ताच दिसलं. पावसात भिजली असती तर खंबाटकी घाटात गाडीनं दगा दिला असता. आणि पेट्रोल गळतंय आणि ठिणगी उडतीय, असं झालं तर विचारूच नका." त्यांनी आत कार्बनचा गाभा असलेल्या वायरी बसवल्या. त्यांच्या रोधामुळे गोंगाट दबतो.

आताच्या बऱ्याच गाड्यांत अशा लांब वायरी राहिलेल्या नाहीत. तिथे संशय आधी चार्जर, कॅमेरा किंवा वरून बसवलेले एलईडी दिवे यांच्यावर घ्यावा. खरखर आली, की सेट बदलण्याआधी तिचा आवाज नीट ऐका. ती कधी सुरू होते, कशाने थांबते, इंजिनाबरोबर वाढते का, हे पाहा. रेडिओ बिघडलेला नसतो, तो गाडीचे दुखणे सांगत असतो.

पुढच्या खेपेला अण्णांनी शेवटच्या वाक्यापर्यंत बातम्या ऐकल्या. म्हणाले, "आज लवकर संपल्या रे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)