डांबरगोळी जाते कुठे?

संप्लवनाचा धडा आला, की आपण हमखास डांबरगोळीचे उदाहरण देतो. ट्रंकेत ठेवलेली गोळी काही महिन्यांनी वाटाण्याएवढी उरते. स्थायूचा द्रव न होता थेट वायू झाला, धडा संपला. पण एखाद्या मुलीने विचारले, "मग गोळी गेली कुठे?" तर?

थोडी कपड्यांत, थोडी खोलीच्या हवेत. आणि वास येतो म्हणजेच तिचे रेणू आपल्या नाकात शिरले आहेत.

ही गोळी नॅप्थॅलिनची. ट्रंक उघडताना क्षणभर आलेल्या वासाने मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. काळजी वाटते ती तान्ह्या बाळाची. बाळाला जुन्या, मऊ सुती कापडाची दुपटी वापरण्याची आपली पद्धत चांगलीच आहे. पण ती दुपटी पुष्कळदा डांबरगोळ्यांच्या संगतीतूनच निघतात. नॅप्थॅलिन तेलात विरघळते. त्यामुळे मालीश केलेल्या अंगातून ते अधिक सहज आत शिरते. श्वासातून जाते ते वेगळेच.

शरीरात त्यापासून नॅप्थॉलसारखे पदार्थ बनतात आणि ते तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा करतात. त्यापासून बचावासाठी पेशींना जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर लागते. काहींत ते जन्मतःच कमी असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष मुलग्यांत अधिक दिसतो. अशा बाळाच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात, हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन बनत राहते आणि कोवळ्या यकृताला त्याचा निचरा झेपत नाही. कावीळ फार वाढली, तर बिलिरुबिन मेंदूत शिरून कायमची इजा करते. बाळ दगावूही शकते. दोष आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊकच नसते.

युरोपीय संघात २००८ पासून या गोळ्यांना बंदी आहे. आपल्याकडे त्या वाण्याकडे मिळतात.

खरे तर कपडे खाणाऱ्या पतंगांच्या अळ्यांना हवी असते लोकर, रेशीम. धुतलेल्या, कोरड्या सुती दुपट्यांना गोळीची गरजच काय? वास लागलेली दुपटी धुऊन उन्हात टाकावीत, आणि वास पुरता जाईपर्यंत बाळाजवळ नेऊ नयेत. बाळ पिवळे दिसू लागले, तर लगेच दवाखाना गाठावा आणि गोळ्यांचे आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

वर्गातला प्रयोगही आता आम्ही व्हरांड्यात करतो.